आशाताईंच्या हाताला काय आलं? प्रशिक्षणातून आलेलं कौशल्य पायरीपायरीने कसं तपासायचं

पाड्यावर घरीच झालेलं बाळंतपण, पहिल्या दिवसाची भेट. आशाताईंनी हात धुतले, काट्याला झोळी अडकवली, बाळ अलगद झोळीत ठेवलं, काटा डोळ्यांच्या उंचीला आणला आणि वाचलं, "दोन किलो सहाशे." बाळ धरण्यात माया होती, आवाजात खात्री होती. एकच गोष्ट राहिली होती. रिकामी झोळी अडकवल्यावर काटा शून्यावर आणला नव्हता. झोळी होती दीडशे ग्रॅमची, म्हणजे बाळ २४५० ग्रॅमचं. जन्माचं वजन २५०० ग्रॅमच्या खाली असलं की बाळ कमी वजनाचं धरतात. त्याला जास्त ऊब लागते, पाजण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, जास्त वेळा पाहावं लागतं. त्या घरातलं बाळ झोळीच्या वजनामुळे या यादीतून सुटलं असतं.

महिन्याभरापूर्वी या ताई ज्या बॅचमध्ये होत्या, तिची पोस्ट-टेस्ट, म्हणजे प्रशिक्षणानंतरची लेखी परीक्षा, मीच काढली होती आणि मीच तपासली होती. 'वजन करण्याआधी काटा शून्यावर आणावा का?' या प्रश्नापुढे ताईंनी 'होय'वर खूण केली होती. ताईंना माहीत होतं, हाताला आलं नव्हतं. आणि माझी परीक्षा या दोन गोष्टींतला फरक दाखवायला बनलेलीच नव्हती.

तालुका पातळीवर प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी, संस्थांमधल्या समन्वयकांसाठी, नर्सिंगच्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. उदाहरण घरी जाऊन केलेल्या नवजात बालकाच्या काळजीचं घेते, कारण ते मला जवळून माहीत आहे. पण प्रथमोपचार असो, जखमेचं ड्रेसिंग असो की रक्तदाब मोजणं, रीत हीच लागू पडते.

आधी ठरवा: कोणत्या पायरीवरचं ज्ञान तपासायचं आहे

जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय शिक्षणासाठी एक चार पायऱ्यांची उतरंड मांडली. माणसाला माहीत असतं, कसं करायचं ते सांगता येतं, करून दाखवता येतं, आणि रोजच्या कामात तो खरंच तसं करतो. आपल्याकडच्या बहुतेक प्रशिक्षणांचं मूल्यमापन पहिल्या पायरीवरच संपतं. वीस प्रश्नांची प्री-टेस्ट, तीच पोस्ट-टेस्ट, गुण आठवरून सतरावर गेले की अहवालात 'ज्ञानात लक्षणीय वाढ' असं येतं आणि फाइल बंद होते.

लेखी परीक्षा टाकाऊ नाही. धोक्याची लक्षणं कोणती, पाठवणी कधी करायची, म्हणजे बाळाला दवाखान्यात कधी पाठवायचं, हे विचारायला ती चांगली आहे. पण काटा शून्यावर आणणं, बाळाचा श्वास मोजणं, बाळ गुंडाळणं ही हाताची कामं आहेत, आणि ती कागदावर उमटत नाहीत. म्हणून आराखडा लिहितानाच प्रत्येक कौशल्यापुढे लिहा: हे आपण सांगायला लावणार, करून दाखवायला लावणार, की घरी जाऊन पाहणार? ज्या चुकीने बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो, त्या कौशल्यासाठी 'सांगायला लावणार' हे उत्तर चालणार नाही.

विषयांची नव्हे, कृतींची यादी करा

प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात 'नवजात बालकाची काळजी', 'श्वसनाचे आजार' अशी शीर्षकं असतात. त्यांवरून काहीच तपासता येत नाही. बसून क्रियापदं लिहा: हात धुते, वजन करते, तापमान घेते, श्वास मोजते, बाळ गुंडाळते, आईला बाळ छातीशी धरायला मदत करते. सगळी तपासायच्या फंदात पडू नका. एका बॅचसाठी पाच-सहा पुरे. निवडताना दोनच कसोट्या लावा: ही कृती वारंवार करावी लागते का, आणि ती चुकली तर बाळाचं किती बिघडतं?

मग प्रत्येक कृती फोडायची. इथे घाई करू नका, कारण सगळं मूल्यमापन या कागदावर उभं राहतं. श्वास मोजण्याची आमची तपासणी सूची अशी आहे:

१. बाळ शांत आहे, रडत नाही, दूध पीत नाही, याची खात्री केली.
२. छाती-पोट दिसेल इतकाच कपडा वर केला, बाकी बाळ झाकलेलं ठेवलं.
३. पुरेसा उजेड असलेली जागा घेतली.
४. टायमर किंवा सेकंदकाटा असलेलं घड्याळ जवळ ठेवलं. ★
५. पूर्ण एक मिनिट मोजलं. ★
६. ६० किंवा त्याहून जास्त आल्यास पुन्हा एकदा मोजलं. ★
७. आकडा लगेच लिहिला.
८. आकड्याचा अर्थ बरोबर सांगितला. ★

तारांकित पायऱ्या कळीच्या. पाचव्या पायरीवर मी अडून बसते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय फार जणींना असते आणि ती मोठ्या माणसाची नाडी मोजण्यातून येते. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच भराभर होतो, क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, पुन्हा सुरू होतो. त्यात पंधरा सेकंदांतली एका श्वासाची चूक गुणाकाराने चारची होते. खरे ५७ असतील तर ६० लिहिले जातात, किंवा उलटं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० ही पाठवणीची सीमारेषा आहे, म्हणून ही चूक किरकोळ नाही.

दर पायरीपुढे दोनच रकाने ठेवा: केलं, नाही केलं. 'उत्तम, चांगलं, बरं' अशी मोजपट्टी दिली की परीक्षकाची माया गुणांत उतरते. पायरी अर्धवट झाली तर 'नाही केलं' धरायचं आणि शेजारी काय झालं ते दोन शब्दांत टिपायचं. ती टिपणंच पुढे सगळ्यात कामाला येतात.

सूची तयार झाली की लगेच वापरू नका. कामात मुरलेल्या दोन-तीन आरोग्यसेविकांना ती कृती करायला सांगा आणि सूची हातात घेऊन पाहा. त्या बरोबर करत असूनही सूचीत नापास होत असतील, तर चूक सूचीत आहे.

परीक्षेची मांडणी: सहा टेबलं आणि एक घंटा

हाताची परीक्षा सगळ्यांना सारखी कशी घ्यायची, हा जुना प्रश्न. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली त्याचं उत्तर दिलं. ही पद्धत आज जगभर 'ऑस्की' नावाने ओळखली जाते. वेगवेगळी टेबलं मांडायची, प्रत्येकावर एक काम, ठरलेला वेळ, घंटा झाली की पुढचं टेबल. प्रत्येकीला तेच काम, तेवढाच वेळ, तीच सूची.

पंचायत समितीच्या सभागृहातही हे जमतं. सहा टेबलं, प्रत्येकी पाच मिनिटं आणि जागा बदलायला एक मिनिट. म्हणजे सहा जणींची एक फेरी ३६ मिनिटांत, तीस जणींच्या बॅचच्या पाच फेऱ्या तीन तासांत. जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू केलं तर पाचच्या एसटीला सगळ्या मोकळ्या होतात. हा हिशेब आधी सांगा. गावाकडची शेवटची गाडी चुकेल या काळजीत असलेल्या बाईचे हात नीट चालत नाहीत.

साहित्याला फार पैसे लागत नाहीत. वजनासाठी कापडी बाहुलीत वाळू भरा आणि तिचं वजन आदल्या दिवशी चांगल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करून ठेवा. खरा आकडा आपल्याला माहीत, ताईंना नाही. काटा मुद्दाम शून्यावरून थोडा हललेला ठेवा. श्वासासाठी बाहुली उपयोगाची नाही. आईची परवानगी घेऊन झोपलेल्या बाळाच्या छातीचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, दोघांनी वेगवेगळं मोजून आकडा पक्का करा आणि तो मोबाइलवर दाखवा. दोन-तीन व्हिडिओ हवेत, त्यातला एक साठच्या वरचा. नाहीतर बाहेर पडलेली ताई पुढचीच्या कानात आकडा सांगते. त्यात वाईट काही नाही, पण परीक्षा वाया जाते.

हात धुण्याचं टेबल नळाजवळ ठेवू नका. बादली, तांब्या आणि साबण द्या, कारण घरोघरी तेच असणार आहे.

परीक्षक तोंड बंद ठेवायला शिकला पाहिजे

सगळ्यात अवघड गोष्ट हीच. ज्याने शिकवलं तोच परीक्षक असेल तर ताई अडखळली की तो नकळत काट्याकडे पाहतो, मान हलवतो, "मग? अजून काही राहिलं का?" असं विचारतो. हे प्रेमापोटी होतं, पण तपासली जाते परीक्षकाची आठवण. म्हणून शिकवणारे आणि तपासणारे वेगळे ठेवा. शेजारच्या तालुक्यातल्या प्रशिक्षकांशी अदलाबदल केली तर खर्चही वाढत नाही. बोलायची वाक्यं सूचीच्या वरच छापा: "ताई, हे बाळ समजा. त्याचं वजन करून मला सांगा." याहून एक शब्द जास्त नाही.

परीक्षा सुरू होण्याआधी दोन परीक्षकांनी एकाच ताईकडे पाहून वेगवेगळ्या सूची भरायच्या आणि शेजारी शेजारी ठेवून जुळवायच्या. वीस पायऱ्यांपैकी सतरांवर एकमत म्हणजे ८५ टक्के. एवढ्यावर खूश होऊ नका. ज्या पायऱ्या सगळ्याच जणी बरोबर करतात तिथे एकमत आपोआप होतं. खरं काम उरलेल्या तीन पायऱ्यांवर आहे. मी पाहिलंय की भांडण बहुधा 'बाळ झाकलेलं ठेवलं' यासारख्या वाक्यावर होतं. किती झाकलेलं? डोकं उघडं चालेल का? मग वाक्य बदलायचं: 'डोकं आणि पाय झाकलेले ठेवले.' असं जुळेपर्यंत करायचं. मोठ्या अभ्यासासाठी नशिबाने जुळलेलं एकमत वजा करणारं कप्पा नावाचं गणित आहे. तुमच्यासोबत संख्याशास्त्र जाणणारं कोणी असेल तर त्यांच्याकडून ते करून घ्या.

आधी, नंतर, आणि खूप नंतर

हाताची परीक्षा प्रशिक्षणाआधीही घ्या. हे बहुतेक ठिकाणी टाळलं जातं, 'अजून शिकवलंच नाही तर काय तपासणार' म्हणून. पण वर्षानुवर्षं काम केलेल्या कितीतरी ताईंना निम्म्या गोष्टी आधीच येत असतात. आधीचं मोजलं नाही तर त्याचं श्रेय तुमच्या पाच दिवसांना जातं. आणि उलट, आधीच येणाऱ्या गोष्टीवर अर्धा दिवस घालवल्याचंही कळत नाही.

वाढ प्रशिक्षणामुळेच झाली हे सांगायचं असेल तर तुलना लागते. त्यासाठी कोणाला प्रशिक्षणापासून वंचित ठेवायची गरज नाही. सगळ्या बॅच एकदम होतच नाहीत. पुढच्या महिन्यात ज्यांची पाळी आहे, त्या बॅचची हाताची परीक्षा आज घ्या. तीच तुमची तुलना.

तिसरी परीक्षा तीन महिन्यांनी, आणि एक सहा महिन्यांनी. कौशल्य वापरात नसलं की गंजतं. हृदय बंद पडल्यावर द्यायच्या छातीदाबाच्या प्रशिक्षणात हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे: मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे शिकलेल्या हातांची घसरण तीन ते सहा महिन्यांत दिसू लागते. आशाताईंचं वजन करणं सहसा टिकतं कारण ते वारंवार होतं. न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचं कौशल्य मात्र आरोग्यसेविकांच्याही हातून निसटतं, कारण तशी वेळ क्वचित येते आणि आली की एका मिनिटात सगळं करावं लागतं. दुर्मीळ पण जिवाशी संबंधित कौशल्यं शेवटच्या परीक्षेत घ्याच.

घरी जाऊन पाहणं

दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईंच्या सहा भेटी असतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. यातल्या एखाद्या भेटीला सोबत जा. कोणाबरोबर जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. 'चांगल्या ताई' कोण ते तालुक्याला विचारलंत तर नेहमीची चार नावं मिळतील. तीसमधून आठ-दहा जणी पुरेत.

तुम्ही बघता आहात म्हणून काम जरा जास्तच नीट होणार, हे धरूनच चला. त्यावर तीन उपाय माझ्या अनुभवात चालले आहेत. एक, त्याच दिवशी आपला काटा घेऊन बाळाचं वजन पुन्हा करा. दुसऱ्या दिवशी नको, पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं आणि नसलेली चूक दिसते. दोन, ताई नसताना आईशी बोला. "ताईंनी चांगलं काम केलं का?" असं विचारलंत तर उत्तर "हो" येणारच. विचारा, "वजन करताना बाळाच्या अंगावर काय होतं?", "छातीकडे बघताना ताईंच्या हातात घड्याळ होतं का?"

तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडता: नोंदवही उघडा. सगळी वजनं २.५ आणि ३ किलोवर साचली असतील, श्वासांचे आकडे ओळीने ४०, ४२, ४० असतील, तर तिथे मोजणं होत नाही, अंदाज लिहिला जातो आहे. खरी बाळं इतकी शिस्तीत जन्मत नाहीत.

घरापर्यंत जाण्याची ही खटपट का, यासाठी आपल्याच देशातली तीन कामं पाहा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तिथे प्रशिक्षण देऊन कोणी निघून गेलं नाही. गावात जाऊन नोंदी पडताळणं आणि चुकलेलं पुन्हा शिकवणं कामाचाच भाग होतं. देशभरच्या आशांच्या घरभेटींच्या कार्यक्रमामागे याच कामाची प्रेरणा आहे.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात पदवी नसलेल्या ३०४ गावडॉक्टरांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्यांना नऊ महिन्यांत ७२ सत्रं दिली गेली. परीक्षा घेतली ती रुग्ण म्हणून पाठवलेल्या, तालीम दिलेल्या माणसांकडून. रुग्ण हाताळणं सुधारलं. अनावश्यक अँटिबायोटिक मात्र कमी झाली नाहीत. हे दुसरं सत्य लेखी परीक्षेतून कधीच बाहेर आलं नसतं.

आणि उत्तर प्रदेशातला सुरक्षित प्रसूतीच्या तपासणी सूचीचा मोठा अभ्यास. दवाखान्यात शेजारी उभं राहून मार्गदर्शन सुरू असताना, दोन महिन्यांनी, आवश्यक कृतींपैकी ७३ टक्के होत होत्या. तुलनेच्या दवाखान्यांत ४२ टक्के. मार्गदर्शन आठ महिन्यांनी थांबलं आणि बाराव्या महिन्यात तो आकडा ६२ वर आला. माता-बालकांच्या मृत्यू आणि गंभीर गुंतागुंतींत मात्र दोन्हीकडे फरक पडला नाही. म्हणजे कौशल्य सुधारलं तरी औषध, माणसं, रक्त, गाडी यांची साखळी तुटलेली असेल तर जीव वाचतीलच असं नाही. म्हणून तुमच्या एका बॅचच्या अहवालात 'बालमृत्यू घटले' असं लिहू नका. तुम्ही कौशल्य मोजलं आहे, तेवढंच लिहा.

आकडे वाचताना

सरासरी गुण काढायचा मोह टाळा. आठपैकी सात पायऱ्या बरोबर आणि एकच चुकली, म्हणजे ८८ टक्के. पण चुकलेली पायरी 'पूर्ण एक मिनिट मोजलं' ही असेल तर त्या ताईला श्वास मोजता येत नाही. म्हणून दर कौशल्यासाठी एकच आकडा द्या: कळीच्या सगळ्या पायऱ्या बरोबर करणाऱ्या तीसपैकी किती?

मग पायरीनिहाय तक्ता पाहा. एखादी पायरी दोघी-तिघींची चुकली असेल तर त्यांना पुन्हा शिकवा. निम्म्या बॅचची चुकली असेल तर शिकवणाऱ्याने ती नीट शिकवलेली नाही. आणि प्रशिक्षणानंतर लगेच सगळ्यांना येत होती, पण घरी कोणीच करत नाही, तर पिशवी उघडून बघा. थर्मामीटरचा सेल संपलेला असतो. टायमर बंद पडलेला असतो. काटा बिघडून महिने झालेले असतात आणि मागणीचा कागद कुठेतरी पडून असतो. अशा वेळी ताईंच्या नावापुढे 'अपुरं कौशल्य' लिहिणं हा अन्याय आहे. मी माझ्या सूचीत शेवटी 'साहित्य चालू होतं का?' ही ओळ घालते, आणि ती भरल्याशिवाय निकाल धरत नाही.

मान राखून

आशाताई मोबदल्यावर काम करतात. घरभेटींचा सगळा क्रम पूर्ण केल्यावर २५० रुपये मिळतात. तपासायला कोणी आलं की पहिली शंका येते, पैसे कापणार का? म्हणून सुरुवातीलाच, आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांसमोर सांगा की हे गुण मोबदल्याला जोडलेले नाहीत, आणि ते खरं असू द्या. निकाल बैठकीत नावानिशी वाचू नका. ताईंना त्यांची सूची एकट्यात दाखवा, आधी बरोबर केलेल्या पायऱ्या.

घरात जाण्याआधी आईची परवानगी घ्या, नको म्हणाली तर परत फिरा. आणि भेटीत बाळ दूध ओढत नसेल, छाती आत जात असेल, अंग गार पडलं असेल, तर सूची तिथेच मिटा. आधी बाळ दवाखान्यात पोहोचवा. त्या भेटीचा फॉर्म कोरा राहिला तरी चालेल.

हाताशी फक्त एक दिवस असेल तर

पूर्ण मांडणी सगळ्यांना परवडत नाही. मग एकच कौशल्य घ्या, मी वजन सुचवेन. वाळूची बाहुली, एक काटा, आठ ओळींची सूची. मासिक बैठकीच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एका खोलीत दोन परीक्षक बसवा आणि ताईंना एकेक करून आत बोलवा, प्रत्येकीला चार मिनिटं. बैठक संपण्याआधी सगळ्यात जास्त चुकलेली पायरी फळ्यावर लिहा, सगळ्यांसमोर एकदा बरोबर करून दाखवा आणि ज्यांची चुकली त्यांच्याकडून तिथेच दोनदा करून घ्या. तारीख टाकून सूची जपून ठेवा. पुढच्या महिन्यात श्वास, त्यापुढच्या महिन्यात तापमान, आणि चौथ्या महिन्यात पुन्हा वजन, तीच बाहुली, फक्त आतली वाळू थोडी कमी केलेली.